‘जागा नाहीं’
(लूक २:७, लूक १०:३४, ३५)

उतारशाळेच्या दारांत उभ्या असलेल्या थकल्या माणसास ‘जागा नाहीं’ असें सांगणें, यांत वरवर पाहतां पाप कोठेंच दिसत नाहीं. जागा मोजकी असते. ती भरली म्हणजे भरली. परंतु हेच दोन शब्द एका मुखांतून निघाले तर निव्वळ सत्य असतात, आणि दुसऱ्या मुखांतून निघाले तर मनुष्याच्या अंतःकरणावर घातलेला घाव असतात. हा भेद कशावरून ओळखावा, आणि ओळखल्यावर आपण ख्रिस्ती म्हणविणारांनीं काय करावें, हा प्रश्न मजपुढें एका जुन्या धर्मशाळेंत एका रात्रीं उभा राहिला. त्यास आज वीस वर्षें होऊन गेलीं. त्या रात्रीचें ऋण अद्याप माझ्या माथ्यावर आहे, म्हणून ती गोष्ट या पत्राच्या वाचकांपुढें मांडतों.

त्या वेळीं मी ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयांत शेवटच्या वर्षास होतों. एका खेडेगांवच्या मंडळींत उपासना चालविण्यास निघालों असतां वाटेंत एस. टी. बिघडली, पुढची गाडी चुकली, आणि गोदाकांठच्या एका क्षेत्राच्या गांवीं रात्र काढण्याची पाळी आली. दिवस आषाढाचे असून पाऊस लागून राहिला होता. गांवांत एक मोठी दगडी धर्मशाळा होती. ती अहिल्याबाई होळकरांच्या काळची, असें गांवकरी सांगत. चिरेबंदी देवडी, आंत फरसबंदी चौक, चौकाच्या तिन्ही अंगांस कमानींच्या ओवऱ्या, भिंतींत दिवे ठेवण्याचे कोनाडे, आणि मागल्या बाजूस पायऱ्यांची बारव. वाटसरूंनीं पाठ टेकून टेकून ओवऱ्यांचे खांब गुळगुळीत झाले होते. अशा ठिकाणीं पाऊल ठेवतांना मनांत येतें कीं, आपल्याआधीं येथें किती जण निजून गेले असतील! त्यांतल्या कोणाचेंही नांव या दगडांना ठाऊक नाहीं, आणि तरी प्रत्येकास त्यांनीं एक रात्र आपल्या छायेखालीं घेतलें.

देवडींत नोंदवही घेऊन व्यवस्थापक बसले होते. त्यांनीं विचारलें, “आडनांव?” मीं सांगितलें. माझें आडनांव गांवावरून पडलेलें आहे. त्यावरून जात कळत नाहीं. तेव्हां पुढचा प्रश्न आला, “म्हणजे आपण कोणापैकीं?” माझे आजोबा बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं ज्या वस्तींत राहत असत, ती गांवकुसाबाहेरची होती. हें मला ठाऊक होतें, आणि प्रश्नाचा रोखही ठाऊक होता. मी म्हणालों, “विद्यार्थी आहें. पुण्यास शिकतों.” उत्तर खरें होतें, परंतु विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हतें. त्यांनीं माझ्या धुतलेल्या कपड्यांकडे व हातांतल्या पुस्तकांकडे पाहिलें, आपल्या मनाशीं कांहीं तरी ठरविलें, आणि कोपऱ्यावरची एक कोरडी ओवरी व सतरंजी मला दिली.

माझ्या मागें एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन उभे होते. आम्ही एकाच गाडीनें आलों होतों, आणि गाडींत त्यांनीं आपल्या फडक्यांतली अर्धी भाकर व ठेचा मला दिला होता. मुलाच्या अंगांत ताप होता. त्यांना आडनांव विचारण्याचे श्रमही कोणीं घेतले नाहींत. एकदम दुसराच प्रश्न झाला. त्यांनीं आढेवेढे न घेतां सांगितलें, “आम्ही मातंग, साहेब.” व्यवस्थापकांनीं वही मिटली. रागाचा शब्द नाहीं, अपमानाचा शब्द नाहीं. ते म्हणाले, “जागा नाहीं, बाबा. ओवऱ्या भरल्या. बाहेर कट्ट्यावर पडा.” माझ्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्या रिकाम्या होत्या, आणि त्या मला दिसत होत्या. वृद्धानें एकवार माझ्याकडे पाहिलें. मी मान खालीं घालून वळकटी सोडूं लागलों.

रात्रभर पाऊस पडला. कट्ट्यावर पागोळ्या गळत होत्या, आणि मुलाचा खोकला मला आंत ऐकूं येत होता. पहांटे उठून देवडीबाहेर गेलों, तों कट्टा रिकामा होता. पहिल्या गाडीनें ते निघून गेले होते. त्यांचें नांव मला ठाऊक नाहीं, कारण तें त्यांना कोणींच विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं.

आतां, वाचकहो, या गोष्टींत माझें पाप कोणतें? पुढें एका मित्रास मीं ही हकीगत सांगितली, तेव्हां तो म्हणाला, “तूं आपली ओळख लपविलीस, म्हणजे खोटें बोललास.” दुसरा एक वडील उपदेशक म्हणाले, “जो प्रश्न विचारण्याचा कोणास अधिकारच नाहीं, त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मनुष्य बांधलेला नाहीं.” दोघांच्याही बोलण्यांत अर्थ आहे, पण दोघांनींही माझ्या जखमेवर बोट ठेविलें नाहीं.

आसऱ्यासाठीं ओळख लपविणारा मी पहिला नव्हें. डॉ. भीमराव आंबेडकर अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. पुढें काय झालें, हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. हिंदूंच्या उतारशाळेंत जात निघणार, म्हणून ते पारशी लोकांच्या उतारशाळेंत गेले. तेथें पारशावांचून कोणास घेत नसत. शेवटीं रखवालदाराच्या संमतीनें पारशी नांव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन, ते माडीवर अडगळीच्या सामानांत एकटे राहूं लागले. अकराव्या दिवशीं सकाळीं काठ्या घेतलेले बारा-एक पारशी गृहस्थ जिना चढून वर आले आणि त्यांनीं संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजाविलें. एवढा विद्वान मनुष्य, आणि रात्रीपुरतें छप्पर मिळावें म्हणून त्याला आपलें नांव टाकावें लागलें! येथें कोणी त्यांना असत्याचा दोष देऊं लागला, तर मी त्याला विचारीन: ज्यानें मनुष्याच्या नांवास छपराची किंमत ठरविली, त्याचा हिशेब तूं कोणत्या वहींत मांडणार?

शास्त्रांत राहाबेची गोष्ट आहे (यहोशवा २). तिनें आपल्या घरीं उतरलेल्या हेरांस धाब्यावर लपविलें आणि शोध करणारांस खरें सांगितलें नाहीं. तरी नव्या करारांत दोन ठिकाणीं तिची आठवण आदरानें केली आहे, आणि ती तिच्या असत्यासाठीं नव्हे, तर परक्यांचा स्वीकार केल्यासाठीं (इब्री ११:३१, याकोब २:२५). यावरून मी असत्य चांगलें म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, राहाबेनें जें लपविलें तें दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं, आणि स्वतःचा जीव धोक्यांत घालून. मीं जें लपविलें तें स्वतःची सतरंजी कोरडी राहावी म्हणून.

माझी गोष्ट राहाबेच्या गोष्टीशीं जुळत नाहीं. ती पेत्राच्या गोष्टीशीं जुळते. मुख्य याजकाच्या वाड्यांत चौकामध्यें विस्तव पेटला होता, थंडी होती, आणि पेत्र शेकत बसला होता (लूक २२:५४–६२, योहान १८:१८). त्यालाही विचारणें झालें कीं, तूं त्यांच्यापैकींच ना? ‘होय’ म्हणावें, तर विस्तवाजवळची जागा जाते. पेत्राचें पाप केवळ एक खोटें वाक्य बोलण्याचें नव्हतें. त्याच वाड्यांत त्याचा प्रभु बांधलेला होता, आणि त्याच्याशीं आपलें नातें आहे हें पेत्रानें नाकारलें. हें त्याचें पाप. त्या रात्रीं धर्मशाळेंत मीं आपली जात सांगितली नाहीं, हें मला फारसें टोंचत नाहीं. ज्यानें मला भाकर दिली, त्याच्याशीं माझें नातें आहे हें मीं नाकारलें, तें मला टोंचतें. पहिलें मौन अन्यायी प्रश्नापुढें होतें. दुसरें मौन बंधूच्या डोळ्यांपुढें होतें. तोंड दोन्ही वेळां बंदच होतें, परंतु देवाच्या न्यायासनापुढें हीं दोन मौनें एक नव्हत.

आतां त्या दोन शब्दांकडे वळूं. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यताच नाहींशी केली. १९५५ च्या कायद्यांत तर धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हीं नांवें स्पष्ट घातलीं आहेत. हें सर्व चांगलें झालें, आणि त्यासाठीं ज्यांनीं श्रम केले त्यांचे आपण ऋणी आहों. परंतु मनुष्याचें मन कायद्याहून चपळ आहे. ‘तुला येथें येतां येणार नाहीं’ असें म्हणणें गुन्हा ठरलें, तेव्हां तें मन ‘जागा नाहीं’ असें म्हणावयास शिकलें. या शब्दांस साक्षीदार सांपडत नाहीं, कारण रिकामी ओवरी न्यायालयांत जाऊन बोलत नाहीं. ती पाहणारा जो आंत असतो, तोच एक साक्षीदार. आणि त्यानें मान खालीं घातली म्हणजे खटला संपला.

बेथलेहेमांतही ‘जागा नाहीं’ असेंच झालें, असें आपण दर ख्रिस्तजयंतीस वाचतों, आणि त्या गांवच्या निर्दय उतारशाळावाल्यास बोल लावतों. पण लूकाचें शुभवर्तमान नीट पाहावें. त्यांत उतारशाळावाल्याचा उल्लेखच नाहीं. तेथें मूळ ग्रीक शब्द आहे ‘कातालुमा’, म्हणजे उतरण्याची जागा. प्रभूनें शिष्यांसहवर्तमान ज्या खोलींत वल्हांडणाचें भोजन केलें, तिलाही लूकानें हाच शब्द लाविला आहे (लूक २२:११). म्हणून कित्येक पंडितांचें म्हणणें असें कीं, योसेफ व मरीया आपल्या गोताच्याच एखाद्या घरीं उतरलीं असावींत. नांवनिशीसाठीं पाहुणे जमल्यामुळें पाहुण्यांची खोली भरली होती, तेव्हां घरच्यांनीं त्यांना गुरांच्या जागेंत सामावून घेतलें. त्या देशांत गुरें रात्रीं घरांतच बांधीत आणि गव्हाणही तेथेंच असे. आपल्यांतही अशीं घरें आहेत: एका अंगास माणसें, दुसऱ्या अंगास बैल, आणि छप्पर एकच. हा अर्थ खरा असेल, तर तेथें ‘जागा नाहीं’ हें वाक्य सत्य होतें, आणि तरीही जागा झाली. मग माझ्या धर्मशाळेंत काय झालें? तेथें जागा होती, आणि तरीही ‘नाहीं’ झाली.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मला असें दिसतें. ज्याला खरोखर जागा नसते, तो ‘जागा नाहीं’ म्हणून थांबत नाहीं. तो इकडे तिकडे पाहतो, गुरें सरकवितो, गोधडी अर्धी करितो, शेजाऱ्याला हांक मारितो. आणि ज्याच्या मनांत जागा नसते, तो मात्र ‘जागा नाहीं’ म्हणून वही मिटतो. खोल्या मोजून हें सत्य कळत नाहीं. पुढच्या क्षणीं मनुष्य काय करितो, त्यावरून तें कळतें.

शोमरोन्याच्या दृष्टांतांत जी उतारशाळा आहे, तिच्यासाठीं लूकानें दुसरा शब्द घातला आहे: ‘पांदोखेइऑन’. त्याचा अक्षरशः अर्थ ‘सर्वांस घेणारें’. तेथें एक रक्तबंबाळ मनुष्य आणला गेला. त्याचे कपडेही चोरांनीं नेले होते, तेव्हां वेषावरून तो कोण हें कळण्याचा मार्ग नव्हता. आणणारा शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्याच्याशीं व्यवहार ठेवीत नसत असा. मालकास दोन दिनार मिळाले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर जो खर्च होईल तो परत येतांना देईन, एवढें वचन मिळालें. मालकानें कोणास कांहीं विचारल्याचें प्रभूनें सांगितलें नाहीं. आपण शोमरोन्यावर पुष्कळ उपदेश करितों. पण त्या मालकानें दार लावून घेतलें असतें, तर शोमरोन्याचें तेल व द्राक्षारस वाटेंतच वाया गेला असता. प्रीति करणारास दार उघडणारा सोबती लागतो.

आपल्या देशांत या कामाचा मान थोर आहे, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. अहिल्याबाईंनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलें, आणि स्वतःच्या खासगी संपत्तींतून देशभर क्षेत्रोक्षेत्रीं घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. गाडगे महाराजांनीं अंगावर चिंध्या व हातांत खापर घेऊन गांवोगांव कीर्तनें केलीं, आणि लोकांनीं दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरांतल्या धर्मशाळेस त्यांनीं चोखामेळ्याचें नांव दिलें. स्वतः मात्र ते झोंपडींत राहिले. शाळा म्हणजे घर; ज्या घरांत धर्म राहतो, ती धर्मशाळा. धर्म निघून गेला म्हणजे मागें दगड राहतात, आणि दगडांस कोणी दोष देऊं नये. त्या रात्रीं बांधणाऱ्या बाईंचा धर्म व्यवस्थापकाच्या वहींतून निघून गेला होता, हें खरें. पण माझ्या ओवरींतून ख्रिस्ताचा धर्मही निघून गेला होता, हें तितकेंच खरें.

आणि म्हणून मी दुसऱ्याच्या दाराविषयीं बोलणें येथें थांबवितों. डॉ. आंबेडकरांच्या त्या हकीगतींत पुढें एक गोष्ट आहे, ती आपल्यासाठीं लिहिली आहे असें समजून वाचावी. उतारशाळेंतून काढल्यावर ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदु, एक ख्रिस्ती. हिंदु मित्र म्हणाला, तुम्हांला ठेवलें तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, माझी पत्नी उद्यां येणार आहे, तिला विचारावें लागेल. तें कुटुंब मूळचें ब्राह्मण होतें, आणि घरांत जुने विचार गेले नव्हते, असें डॉ. आंबेडकरांस मागाहून कळलें. त्या मित्रानें ‘जागा नाहीं’ असेंही म्हटलें नाहीं. त्यानें फक्त ‘उद्यां’ म्हटलें. त्या दिवशीं डॉ. आंबेडकर सार्वजनिक बागेंत बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीनें मुंबईस परतले. बंधुभगिनींनो, त्या घरांत पवित्र शास्त्र असेल, प्रार्थनाही होत असेल. तरी त्या दिवशीं प्रभु दारांत येऊन बागेकडे परत गेला.

आपण म्हणूं कीं, तो काळ गेला. पण आपल्याच मंडळ्यांत डोळे उघडून पाहा. एका वस्तींतून आलेलें ख्रिस्ती कुटुंब दुसऱ्या वस्तींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं पाणी पितें काय? पलीकडच्या गांवचा उपदेशक मुक्कामास आला, म्हणजे त्याची पूर्वीची जात पाहून त्याला शाळेच्या खोलींत उतरवितात कीं घरांत? कोणाचा पेला कोनाड्यांत वेगळा ठेविलेला असतो काय? आपले आजे-पणजे गांवकुसाबाहेर निजत असत. आपल्याला आंत जागा मिळाल्याबरोबर आपण देवडींत वही घेऊन बसलों, तर मग आपला उद्धार कशापासून झाला?

तुम्ही विचाराल, त्या रात्रीं तूं काय करावयास पाहिजे होतेंस? मोठें भांडण करावयास पाहिजे होतें, असें मी म्हणत नाहीं. मी परक्या गांवीं होतों, आणि वय लहान होतें. पण एक वाक्य मला बोलतां आलें असतें: “बाबा, माझ्या ओवरींत या, जागा आहे.” सतरंजी तिघांना पुरली असती. त्यावर मलाही बाहेर काढलें असतें, तर तिघे कट्ट्यावर बसलों असतों, आणि मुलावर माझी घोंगडी तरी पडली असती. एवढेंच करावयाचें होतें. यास विद्या लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. मात्र आपली कोरडी जागा पणास लावावी लागते, आणि तेवढेंच माझ्याच्यानें झालें नाहीं.

त्या वृद्धाचा शोध घेण्याचा मीं पुढें प्रयत्न केला. ते सांपडले नाहींत. ज्याचें ऋण, त्यालाच तें फेडतां येईल असें नेहमीं होत नाहीं. परंतु प्रभूनें एक मार्ग दाखविला आहे: लहानांतल्या लहानासाठीं केलेलें तो आपल्यासाठीं केलें असें मानितो (मत्तय २५:४०). म्हणून सेवेस लागल्यापासून आमच्या घरीं एक चटई, एक गोधडी व एक तांब्या वेगळा ठेविलेला असतो. तो कोणास दूर ठेवण्यासाठीं नव्हे, तर कोणीही आला असतां शोधाशोध करावी लागूं नये म्हणून. आलेल्यास आम्ही आधीं पाणी देतों, मग भाकर. नांव त्याच्या सवडीनें, आणि जात मुळींच नाहीं. प्रत्येक मंडळीनें, निदान प्रत्येक उपदेशकाच्या घरानें, इतकें करावें अशी माझी विनंती आहे. घर लहान असेल, तर मंडळींतल्या चार घरांनीं पाळी लावून घ्यावी. आणि प्रवासांत आपण स्वतः कोठें आंत असूं व दुसरा बाहेर राहत असेल, तर त्या वेळीं मान खालीं घालूं नये. आपल्याला दिसलेली रिकामी जागा मोठ्यानें बोलून दाखवावी.

ज्याला जगांत आल्याबरोबर गव्हाणींत निजावें लागलें, आणि ज्यानें पित्याच्या घरीं आपणां सर्वांसाठीं पुष्कळ जागा आहे असें वचन दिलें, तो प्रभु आपल्या घरांचीं व अंतःकरणांचीं दारें उघडीं ठेवो. आणि त्या वृद्ध बंधूला व त्या बालकाला, तीं आज कोठेंही असोत, त्यानें आपल्या छायेखालीं कोरडी जागा दिली असो, हीच माझी प्रार्थना.

— एक पाळक